रस्त्यावरील जागेचे मोल : पुण्यातील वाहनतळ, पुनर्विकास आणि बससेवा यांविषयीच्या निर्णयांचा अन्वयार्थ

प्रस्तावना

पुणे महानगरपालिकेने गेल्या वीस वर्षांत घेतलेल्या वाहतूकविषयक निर्णयांची चर्चा सामान्यतः तीन स्वतंत्र विषयांत विभागलेली आढळते. वाहने उभी करण्याच्या जागेचा प्रश्न कोंडीच्या संदर्भात मांडला जातो. जुन्या वाड्यांचा आणि वस्त्यांचा पुनर्विकास हा गृहनिर्माणाचा विषय मानला जातो. बससेवेची तूट हा हिशेबतपासणीचा विषय समजला जातो. वस्तुतः हे तीनही निर्णय एकाच गोष्टीविषयी आहेत, ती म्हणजे शहरातील मर्यादित जमिनीचे वाटप. ते तीन निरनिराळ्या वह्यांत लिहिले जात असल्यामुळे त्यांतील परस्परविसंगती नागरिकांच्या, आणि पुष्कळदा निर्णय घेणाऱ्यांच्याही, लक्षात येत नाही. ही विसंगती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखास निमित्त वर्गातील एका प्रश्नाचे आहे. १ जून २०२५ पासून पुणे महानगर परिवहन महामंडळाने आपले किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये केले, आणि मासिक पासचा सर्वसाधारण दर ९०० रुपयांवरून १५०० रुपयांवर गेला. त्यानंतर नागरी शासनसंस्थेवरील पाठ शिकवत असताना येरवड्यातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, बसमध्ये उभं राहायला पैसे वाढले, मग रस्त्यावर गाडी उभी करायला पैसे का नाहीत?" प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर देताना कायदा, अर्थकारण आणि राजकारण या तिन्हींकडे वळावे लागले.

कायद्याची चौकट

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानास बारावी अनुसूची जोडली. नागरी स्थानिक संस्थांकडे सोपवावयाच्या १८ विषयांची ती यादी आहे. तिच्या चौथ्या नोंदीत रस्ते व पूल येतात. सतराव्या नोंदीत सार्वजनिक सुविधा येतात, आणि त्यांत दिवाबत्ती, वाहनतळ, बसथांबे व स्वच्छतागृहे यांचा उल्लेख आहे. म्हणजे वाहनतळ हा नगरपालिकेचा विषय आहे, बसथांबाही आहे. परंतु त्या थांब्यावर येणारी बस मात्र या यादीत नाही.

१९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातही हाच भेद दिसतो. या अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत. सार्वजनिक रस्ते बांधणे व सुस्थितीत ठेवणे हे त्यांपैकी एक होय. सार्वजनिक वाहतुकीची साधने पुरविणे मात्र कलम ६६ मधील स्वेच्छाधीन बाबींत मोडते. याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. रस्त्यावरील खर्च हे कर्तव्यपालन ठरते, तर बसवरील खर्च 'तूट' या नावाने ओळखला जातो. रस्त्यापासून किती उत्पन्न मिळाले, असे कोणी विचारत नाही. बसला मात्र हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो.

केंद्र शासनाच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने या दृष्टिकोनात बदल सुचविला होता. रस्त्यावरील जागेचे वाटप करताना वाहनांऐवजी माणसे केंद्रस्थानी असावीत, आणि वाहन उभे करण्याचे शुल्क त्या जमिनीचे खरे मूल्य दर्शविणारे असावे, ही त्या धोरणाची दोन महत्त्वाची सूत्रे होती. पुण्याने दोन्ही सूत्रे स्वीकारली. पण त्यांची अंमलबजावणी कोठे अडली, ते पुढे पाहू.

एका मोटारीची जागा

मोटार उभी करण्यासाठी बांधकाम नियमांत साधारणतः अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा धरली जाते. ही जागा १२.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट भरते. या आकड्याचा अर्थ येरवड्यात चांगला समजतो.

जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाखाली २००९ नंतर येरवड्यातील नेताजीनगर, मदर तेरेसानगर इत्यादी वस्त्यांमध्ये कच्च्या घरांच्या जागीच पक्की घरे बांधण्याचा प्रकल्प राबविण्यात आला. वास्तुरचनाकार प्रसन्न देसाई यांनी त्याचे आराखडे केले, आणि 'स्पार्क' व 'महिला मिलन' या संस्थांनी वस्तीतील कुटुंबांशी बोलणी केली. कुटुंबांना दूर हलवून उंच इमारतीत न नेता वस्तीतील गल्ल्या, शेजार व ओटे शक्यतो होते तसे राखले गेले. घराच्या किमतीचा दहावा हिस्सा कुटुंबाने द्यावयाचा होता. या प्रकल्पात एका घराचे क्षेत्रफळ २७० चौरस फूट ठरविण्यात आले.

२७० चौरस फूट म्हणजे दोन मोटारी उभ्या करण्याची जागा. येरवड्यातील एक संपूर्ण कुटुंब जेवढ्या जागेत राहते, तेवढी जागा शहराच्या मध्यभागातील रस्त्यावर दोन वाहनमालकांना दिवसभरासाठी विनामूल्य मिळू शकते. कुटुंबाने त्या घरासाठी आपला वाटा भरला आहे. वाहनमालकाने त्या जागेसाठी काहीही दिलेले नाही. वाहनमालक रस्ता-कर भरतो, हे खरे आहे. परंतु तो कर राज्य शासनाकडे जातो, आणि तो वाहन वापरण्यासाठी असतो. महापालिकेच्या जमिनीवर आठ तास जागा अडविण्याचा हक्क त्यातून मिळत नाही.

मध्यवस्तीचा अनुभव

पुण्याच्या मध्यवस्तीत वाहनतळासाठी जागा शोधण्याचा इतिहास जुना आहे. महात्मा फुले मंडईजवळचे आर्यन चित्रपटगृह १९१५ मध्ये सुरू झाले होते. १९८० च्या दशकात ते पाडण्यात आले, आणि पुढे त्या जागेवर महापालिकेचा वाहनतळ उभा राहिला. शहराच्या सांस्कृतिक स्मृतीतील एक वास्तू गेली व वाहनांना जागा मिळाली; तरी वाहनांची गर्दी हटली नाही. लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी सम-विषम तारखांना रस्त्याच्या आलटूनपालटून एका बाजूस वाहने लावण्याची पद्धत आहे. तिने उपलब्ध जागेची वाटणी होते. मागणी घटत नाही.

मागणी का घटत नाही, याचे विवेचन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. त्यांचे मूळ सूत्र असे सांगता येईल : फुकट वाहनतळ प्रत्यक्षात फुकट नसतो, त्याची किंमत घरभाड्यात, वस्तूंच्या दरात आणि करांत मिसळून सर्वांकडून, वाहन नसणाऱ्यांकडूनही, वसूल होते. जी वस्तू वापरणाऱ्यास विनामूल्य मिळते तिची मागणी वाढतच राहते. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार होती. २०१८ मध्ये शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेल्याचे प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या आकडेवारीवरून दिसले. नोंदलेली सर्व वाहने रस्त्यावर नसतात, हे गृहीत धरूनही हा कल दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

या पार्श्वभूमीवर महापालिका प्रशासनाने सार्वजनिक वाहनतळ धोरण तयार केले. मागणीच्या तीव्रतेनुसार शहराचे विभाग पाडावेत आणि त्यानुसार ताशी शुल्क आकारावे, ही त्याची मध्यवर्ती कल्पना होती. मार्च २०१८ मध्ये ते मुख्य सभेपुढे आले तेव्हा तीव्र विरोध झाला. अखेरीस धोरण मंजूर झाले. परंतु प्रायोगिक तत्त्वावर केवळ पाच रस्त्यांपुरतेच ते लागू करावे, असे ठरले. हा प्रयोगही पुढे वर्षानुवर्षे कागदावर राहिला. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली व त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे होता. निवडून येण्याची चिंता नसलेल्या या काळातही धोरणाला गती मिळाली नाही. त्यामुळे अडथळा केवळ मतांचा होता, हे स्पष्टीकरण अपुरे पडते.

याच शहरात उलट दिशेचे प्रयत्नही झाले आहेत. जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना करून पदपथ रुंद करण्यात आले. २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस महापालिकेने 'पादचारी दिन' म्हणून पाळण्यास आरंभ केला, आणि त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवण्यात आला. मध्यवस्तीतील रस्ता वाहनांविना चालू शकतो, हे एका दिवसापुरते का होईना सिद्ध झाले. उरलेल्या ३६४ दिवसांचा निर्णय मात्र वेगळ्या वहीत राहिला.

नगर रस्ता : एका मार्गिकेची कथा

डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट–कात्रज व हडपसर मार्गांवर पुण्याने देशातील पहिली जलद बस वाहतूक योजना, म्हणजेच बीआरटी, सुरू केली. पुढे ऑगस्ट २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी आणि २०१६ मध्ये नगर रस्त्यावर येरवड्यापासून पूर्वेकडे बससाठी राखीव मार्गिका आली. रस्त्याची एक पट्टी केवळ बसप्रवाशांसाठी बाजूला काढणे हे २००६ च्या राष्ट्रीय धोरणातील सूत्राचेच प्रत्यक्ष रूप होते.

या योजनेत गंभीर उणिवा होत्या. स्थानकापर्यंत रस्ता ओलांडणे धोक्याचे होते. बसची संख्या अपुरी असल्याने मार्गिका बराच वेळ रिकामी दिसे, आणि शेजारी कोंडीत अडकलेल्या वाहनचालकाला तो अन्याय वाटे. मार्गिकेत खासगी वाहनांची घुसखोरी नित्याची झाली होती. २०२३ मध्ये कोंडी व अपघात यांचे कारण देऊन येरवडा ते विमाननगर या भागातील मार्गिका काढून टाकण्यात आली.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. मार्गिका काढल्याने जमीन वाढली नाही. तिचा वापरकर्ता बदलला. बसप्रवाशांकडे असलेली पट्टी सर्व वाहनांकडे गेली. या हस्तांतरणाचे मूल्य कोणत्याही अंदाजपत्रकात नोंदले गेले नाही, कारण रस्त्याच्या जमिनीला किंमत आहे असे आपल्या हिशेबपद्धतीत धरलेच जात नाही. बस मिश्र वाहतुकीत आली की तिच्या फेऱ्यांना अधिक वेळ लागतो. तेवढ्याच फेऱ्यांसाठी अधिक बस व अधिक चालक लागतात, आणि तूट वाढते. पुढे ती वाढलेली तूट परिवहन महामंडळाच्या खात्यावर दिसते. ज्या निर्णयाने ती वाढली तो निर्णय रस्ते विभागाच्या खात्यात असतो.

याच रस्त्यावर मेट्रो आली. ६ मार्च २०२४ रोजी रुबी हॉल ते रामवाडी हा टप्पा सुरू झाला. परंतु येरवडा स्थानक त्या दिवशी उघडले नाही. ते २१ ऑगस्ट २०२४ रोजी खुले झाले. मधले साडेपाच महिने गाडी येरवड्यावरून न थांबता जात होती. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्यास २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली तेव्हा त्याचा खर्च ११,४२० कोटी रुपये अंदाजला होता. एवढ्या खर्चाचा उपयोग अखेर शेवटच्या जिन्यावर, पदपथावर व जोडणाऱ्या बसवर अवलंबून असतो. जिना उतरल्यावर चालायला पदपथ नसेल, आणि असलेल्या पदपथावर वाहने उभी असतील, तर प्रवासी पुन्हा दुचाकीकडे वळतो.

पुनर्विकासाचे अर्थकारण

आता दुसऱ्या वहीकडे वळू. पुण्यातील जकात १ एप्रिल २०१३ रोजी रद्द होऊन स्थानिक संस्था कर आला. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही संपला. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून राहिली. स्वतःच्या अखत्यारीतील उत्पन्न म्हणून मिळकतकर व बांधकाम परवानगीपोटी येणारी शुल्के यांचे महत्त्व त्यामुळे वाढले. वाढीव चटईक्षेत्राच्या मोबदल्यात घेतले जाणारे अधिमूल्य हा त्याचाच एक भाग होय.

२०१९ मध्ये राज्य शासनाने पुण्यातील मेट्रो स्थानकांभोवती सुमारे ५०० मीटरच्या क्षेत्रात चार पर्यंत चटईक्षेत्र निर्देशांकास मुभा देणारे नियम केले. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतही ही तरतूद आहे. यामागील तर्क सयुक्तिक आहे : स्थानकाजवळ अधिक लोक राहिले तर मेट्रोला प्रवासी मिळतात, आणि जमिनीच्या वाढलेल्या मूल्यातील काही वाटा सार्वजनिक खजिन्यात येतो.

परंतु नियमावली सदनिकेच्या चटईक्षेत्रानुसार वाहनतळाची किमान जागाही ठरवून देते. पेठेतील छोट्या भूखंडावर वाड्याच्या जागी नवी इमारत उभी राहते तेव्हा तळमजला वाहनांसाठी खांबांवर मोकळा सोडावा लागतो. रस्त्याला लागून असलेले दुकान, ओसरी, ओटा यांची जागा वाहने घेतात. त्या बांधकामाचा खर्च सदनिकेच्या किमतीत मिळविला जातो, आणि ज्याच्याकडे मोटार नाही तोही तो भरतो. स्थानकाजवळ घर घेणाऱ्याला मेट्रोने जाण्यास सांगावयाचे, आणि त्याच वेळी त्याच्या घराला मोटारीची जागा सक्तीने जोडावयाची, हे दोन निर्णय परस्परांना छेद देतात. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून मंडईलाही मेट्रोचे स्थानक आहे. चित्रपटगृहाच्या जागी वाहनतळ आवश्यक मानण्याची जी कारणे चार दशकांपूर्वी होती, ती आता तशीच राहिली आहेत काय, याचा फेरविचार त्यामुळे क्रमप्राप्त आहे.

आणखी एक मुद्दा आहे. अधिमूल्य एकदाच मिळते आणि बांधकाम व्यवसायाच्या तेजी-मंदीप्रमाणे ते बदलते. बस मात्र दररोज चालवावी लागते. एकरकमी उत्पन्नातून पूल व रस्ते बांधता येतात. चालकाचा पगार व इंधन यांसाठी नियमित उत्पन्न लागते. वाहनतळ शुल्क हे असे दररोज जमा होणारे उत्पन्न आहे.

बससेवेचा निधी

ऑक्टोबर २००७ मध्ये पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या परिवहन सेवा एकत्र करून पुणे महानगर परिवहन महामंडळ ही कंपनी स्थापन करण्यात आली. तिची संचलन तूट पुणे महापालिकेने ६० टक्के व पिंपरी-चिंचवडने ४० टक्के भरून काढावी, असे ठरले. ही व्यवस्था वर्ष संपल्यावर झालेली तूट भरते. पुढील वर्षी किती सेवा द्यावयाची, हे ती ठरवीत नाही.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या २००९ च्या सेवास्तर मानकांनुसार दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असणे ही सर्वोत्तम श्रेणी होय. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दोन्ही शहरांची एकत्रित लोकसंख्या सुमारे ४८.५ लाख होती. त्या जुन्या लोकसंख्येलाही २९०० च्या आसपास बस लागतात. त्यानंतर पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. अलीकडच्या वर्षांत महामंडळाचा ताफा, स्वमालकीच्या व भाडेतत्त्वावरील बस मिळून, दोन हजारांच्या घरातच राहिला आहे.

अशा स्थितीत तूट कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे भाडेवाढ, आणि २०२५ मध्ये तो अवलंबिण्यात आला. इंधनाचे व वेतनाचे दर वाढत असता भाडे अनेक वर्षे स्थिर ठेवणे व्यवहार्य नव्हते, हा महामंडळाचा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. तथापि किमान भाडे दुप्पट झाल्याचा सर्वाधिक भार जवळच्या अंतरावर जाणाऱ्यांवर पडतो. विद्यार्थ्यांस सवलतीचा पास असतो. घरकाम करणाऱ्या त्यांच्या आईस तो नसतो. घरातील दोघांचे येण्याजाण्याचे भाडे आणि दुचाकीचे पेट्रोल यांचा हिशेब मांडला की कुटुंब हप्त्यावर दुचाकी घेण्याचा विचार करते. ती दुचाकी पुन्हा रस्त्यावरच उभी राहते, आणि चक्र पूर्ण होते.

आक्षेप व उपाय

वाहनतळ शुल्कावर घेतले जाणारे दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की पुण्यातील दुचाकीस्वार श्रीमंत नाही. बस वेळेवर येत नाही म्हणून तो दुचाकी वापरतो. आधी बस द्या, मग शुल्क घ्या, असे त्याचे म्हणणे आहे. दुसरा आक्षेप असा की जमा झालेला पैसा ठेकेदाराच्या किंवा सर्वसाधारण निधीच्या हाती जाईल, नागरिकास त्यातून काहीच मिळणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते २०१८ च्या धोरणाचे खरे अपयश या दुसऱ्या आक्षेपाला विश्वासार्ह उत्तर न देण्यात होते.

इतर देशांनी हे उत्तर कायद्यातून दिले आहे. ब्रिटनमध्ये १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्याच्या कलम ५५ नुसार रस्त्यावरील वाहनतळातून होणारी शिल्लक स्थानिक संस्थेला हवी तशी खर्च करता येत नाही. वाहनतळ, सार्वजनिक वाहतूक, रस्तेसुधारणा अशा ठरावीक कामांसाठीच ती वापरता येते. जपानने १९६२ च्या कायद्याने मोटारमालकावर वाहन ठेवण्याची स्वतःची जागा असण्याचे बंधन घातले. आपली परिस्थिती भिन्न आहे, म्हणून या तरतुदी जशाच्या तशा उचलणे योग्य ठरणार नाही. परंतु त्यांमागील तत्त्व, म्हणजे रस्त्याची जागा वापरणाऱ्याने मोल द्यावे आणि ते मोल कोठे जाते हे सर्वांस दिसावे, पुण्यासही लागू पडते.

त्यानुसार तीन गोष्टी सुचविता येतील. वाहनतळ शुल्कासाठी स्वतंत्र खाते असावे, आणि ज्या प्रभागातून शुल्क जमा होते तेथील पदपथ व बसफेऱ्या यांवरच त्याचा ठरावीक भाग खर्च व्हावा. शुल्क सुरू करण्यापूर्वी त्या रस्त्यावरील बसफेऱ्या वाढवाव्यात, म्हणजे पहिल्या आक्षेपाचे निराकरण होईल. दुचाकीस मोटारीच्या तुलनेत तिच्या जागेइतकेच, म्हणजे सुमारे एक षष्ठांश, शुल्क असावे. दुचाकीची जागा दोन चौरस मीटर धरली तर हे प्रमाण न्याय्य ठरते. त्याचबरोबर मेट्रो स्थानकांजवळील इमारतींवरील वाहनतळाची सक्ती शिथिल करून, तेथील अधिमूल्याचा निश्चित हिस्सा बसखरेदीसाठी राखून ठेवता येईल.

समारोप

वाहनतळ, पुनर्विकास व बस यांविषयीचे निर्णय वेगवेगळ्या समित्यांत होत असले तरी त्यांचा भार एकाच रस्त्यावर आणि एकाच कुटुंबावर पडतो. बीआरटीची मार्गिका काढणे, स्थानकाजवळ वाहनतळ सक्तीचा करणे, शुल्काचे धोरण लांबणीवर टाकणे आणि भाडे वाढविणे, हे चारही निर्णय स्वतंत्रपणे पाहिले तर प्रत्येकाला काही ना काही कारण सापडते. एकत्र पाहिले असता मात्र त्यांतून एकच कल दिसतो : स्वतःचे वाहन असणाऱ्यास जागा सवलतीत, आणि नसणाऱ्यास प्रवास महाग.

वर्गातील त्या प्रश्नाचे उत्तर देताना कायद्याची कलमे सांगितली, २०१८ च्या सभेचा इतिहास सांगितला. विद्यार्थिनीने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हटले, "म्हणजे सर, रस्ता सगळ्यांचा आहे, पण हिशेब फक्त बसचा होतो." महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे याहून नेमके वर्णन प्रस्तुत लेखकास करता आलेले नाही. रस्त्याच्या जागेचाही हिशेब मांडला जाईल, तेव्हाच या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता येईल.